खाली गुंता, तर खोट वर

"उलटं कर."

मशीन बिघडली म्हणून हाक मारली की मावशींचं पहिलं बोलणं हेच. मशीनकडे बघायच्यासुद्धा नाहीत. रिंगेतलं कापड उलटं करायचं, चष्मा कपाळावर सारायचा आणि टाक्यांची पाठ नाकाशी धरायची. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालेलं दिसलं की बाई खूश! "खाली गुंता, तर खोट वर," म्हणायच्या आणि वरचा दोरा काढून नीट ओवून द्यायच्या. मशीन सुरळीत. आम्ही मात्र तोवर खालचं बॉबीन दहा वेळा काढून घालून घामाघूम झालेल्या.

लातूरच्या आमच्या भरतकामाच्या वर्गात त्या शिकवत. वीस पोरी, सहा पायमशिनी आणि मावशींचा आवाज, एवढ्यावर तो वर्ग चालायचा. आपलं ते वाक्य त्या साऱ्या जगाला लावत. नळ कोरडा पडला, एस.टी. उशिरा आली, कचेरीतला शिपाई खेकसला, निदान ठरलेलं: "खोट वर हाय!" एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडणारं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मावशींची कुलपं उघडायचीसुद्धा, हा फरक.

त्या वर्षी श्रावण आला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. कोरड्या हवेत दोरासुद्धा कडक होऊन तटातटा तुटायचा. मावशी आपल्या माठातल्या पाण्यात फडकं भिजवून रिळांवर पांघरायच्या. मी लोहा गावाकडच्या शेतकऱ्याची पोर, मामाकडे राहून शिकत होते. मामीनं बजावलं होतं, जयभीमवाल्यांच्या माठाचं पाणी पिऊ नकोस. म्हणून मी घरून तांब्या न्यायची. कशासाठी, ते मावशींना न सांगता कळलेलं. एका दुपारी तांब्या रिकामा झाला आणि त्यांनी पेला पुढं केला. "दोऱ्याला पाजते, अन् तुला न्हाई व्हय?" मी घटाघटा प्याले. दुसऱ्या दिवसापासून तांब्या घरीच राहिला. मामी काय बोलायची ती बोलली.

अशात उस्मानाबादेतून निघून लातूर वेगळा जिल्हा झाला! गावात पेढे, फटाके. कचेरीच्या उद्घाटनाला टेबलावर अंथरायच्या लाल साटीनच्या कापडावर जिल्ह्याचं नाव भरून द्यायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. मावशी सात वर्षं तात्पुरत्या होत्या. नव्या जिल्ह्यात शिक्षिकेची एक कायम जागा निघाली होती, आणि कापड बघायला येणारे साहेबच ती भरणार होते. माझं अक्षर बरं म्हणून मावशींनी कापड माझ्या हाती दिलं. "कापड न्हाई पोरी, माझी परीक्षा हाय ही."

मी जीव ओतून भरत होते, पण दोरा दर दोन बोटांवर तुटायचा. मावशी आल्या. "उलटं कर." केलं. त्यांनी पाठ पाहिली, ताणाचा स्क्रू जरा सैल केला, सुई बदलली. मशीन गुणगुणत सुटली. काम संपलं तेव्हा त्यांनी पुन्हा उलटी बाजूच पाहिली. एक गाठ नाही, एक जाळं नाही. "लई बेस!" म्हणाल्या आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर घडी उलगडली. लाल साटीनवर पिवळीधमक अक्षरं: 'लातूर, जि. उस्मानाबाद'.

अहो, लहानपणापासून मामाला पत्रं लिहून हाताला वळणच तसं पडलेलं! साहेब म्हणाले, "कोणी केलं हे?" मी खाली बघून रिळाचा दोरा गुंडाळत राहिले. शरम वाटते सांगायला, पण खरं तेच.

मावशी पुढं झाल्या. "साहेब, खाली गुंता दिसला तर खोट वर आसती. इथं वर मी हाय. मी सुलटं करून बघितलंच न्हाई."

साहेबांनी कागद ओढला, 'उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून द्यावे' असं लिहिलं, सही केली, सहीखाली गाव घातलं आणि कागद मावशींच्या हातात दिला. मावशींनी चष्मा लावून तो वाचला. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमीबी 'जि. उस्मानाबाद'च लिवलं की."

साहेबांनी कागद परत घेतला, पाहिला, आणि असे हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. मग काय, वीसच्या वीस पोरी फुटल्या. उसवलं तर साटीनला भोकं पडली असती. म्हणून मावशींनी उस्मानाबादसकट सबंध ओळीवर मोरांची जोडी भरली आणि तिच्याखाली मी 'जिल्हा लातूर' काढलं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. उद्घाटनाला लोक मोरांचंच कौतुक करत होते म्हणे.

कायम जागा मावशींना मिळाली, पण उदगीरला. स्टँडवर पोचवायला मी गेले. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "मावशी, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं. तुमची जागा गेली असती."

"गेली असती," त्या म्हणाल्या. "पर तुझं नाव घेतलं असतं, तर तू परत मशीनीवर बसली नसतीस. वळखते मी तुला." डोक्यावर एक टपली मारली आणि गाडीत चढल्या.

सात वर्षं वाट पाहिलेली जागा बाईनं माझ्यासाठी पणाला लावली होती. गाडी कोपऱ्यावर वळली तशी मी स्टँडवर सगळ्यांदेखत रडले. मग तशीच वर्गात आले. पाच मशिनी चालू होत्या, माझी मोकळी होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि बसले.