भरून द्यायची वाटी

ताज्या बटल्याचा वास कधी नीट घेतलाय का तुम्ही? मटारला आमच्या इंदुरात बटला म्हणतात. थंडीतलं कोवळं ऊन पाठीवर असावं, अंगठ्याखाली शेंग चटकन उकलावी, आणि ओल्या गवतासारखा, किंचित दुधाळ असा सुगंध नाकात भरावा. वाटतं, सगळी सृष्टी आपल्या नखाखाली येऊन बसली! सुमननं आणि मी, म्हणजे माझ्या बायकोनं आणि मी, मिळून केलेलं शेवटचं साधं काम तेच. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर मध्ये परात ठेवून आम्ही बटले सोलत बसलो होतो. अर्धे परातीत, अर्धे माझ्या तोंडात. ती म्हणाली, "अहो, परात इकडे आहे, तोंडाला काय परात समजता?"

शेजारच्या कमलाभाभींनी गाजराचा हलवा पाठवला होता. त्याची स्टीलची वाटी घासून कठड्यावर उपडी ठेवली होती. उद्या या बटल्यांच्या कचोऱ्या करून ती भरून द्यायची, हे सुमनचं ठरलेलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करणं तिला जन्मात जमलं नाही. माझी कापडाची मिल बंद पडली, घरात उंदीरही उपाशी फिरायचे, तेव्हासुद्धा वाटीच्या तळाशी चिमूटभर साखर घालूनच ती भिंतीवरून पलीकडे द्यायची. मी चिडायचो. ती हसायची.

त्या दुपारी ती अचानक म्हणाली, कसंतरीच होतंय, आणि परातीवर कलली. बटले गच्चीभर घरंगळले.

मेंदूतली नस फुटली होती. जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. यंत्र श्वास देत होतं म्हणून छाती हलत होती, अंग कोमट होतं, हात माझ्या ओळखीचाच होता. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की मेंदू गेला, तो परत येत नाही. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यातला मेंदूचा डॉक्टरही येऊन तपासून गेला. मध्ये काही तास सोडून पुन्हा तपासलं. उत्तर तेच. मग बाई हळूच म्हणाल्या, "काका, काकूंची किडनी, लिव्हर, डोळे चांगले आहेत. कुणाला देता येतील."

मी म्हटलं, चालत्या व्हा. असंच म्हटलं, खोटं कशाला लिहू? महूहून आलेली आमची मुलगी वंदना रडत म्हणाली, "बाबा, आईला अख्खी जाऊ दे." बाई उठल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मीच तिरकं विचारलं, "यात तुमच्या दवाखान्याला काय मिळणार?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही, काका. आमच्याकडे हे अवयव बसवायची सोयच नाही. पूर्वी असा पेशंट आमच्याकडे गुपचूप संपायचा, कुणाला कळवावं हे सुचायचंही नाही. आता आम्ही फोन करतो. ज्यांच्याकडे सोय आहे ते येतात."

मला हसू आलं. हे येणार? ज्यांच्या पाट्या चौकाचौकात एकमेकींवर डोळे वटारतात, जे एकमेकांचे पेशंट पळवतात, ते दुसऱ्याच्या दारी येणार? आणि नेमकी त्याच वेळी मला कठड्यावरची ती उपडी वाटी आठवली. लोकांची भांडी भरून देण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला अशी भरलेली चितेवर ठेवून मी रिकाम्या हातानं घरी जायचं? वंदनाला मी एवढंच म्हटलं, "बेटा, तुझ्या आईनं रिकामं कधी परत केलंय काही?" तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. हो मी म्हटलं.

आणि ते आले हो! एका दवाखान्याचे डॉक्टर आले, दुसऱ्याचे आले, डोळ्यांचे वेगळे आले. आपापल्या पेट्या घेऊन त्या छोट्याशा दवाखान्याच्या अरुंद जिन्यावरून, एकमेकांना "आप पहले, सर" म्हणत वर चढले. शिकलो नाही मी फार, मिलमध्ये तुटलेले धागे जोडण्यात हयात गेली; पण कीर्तनात ऐकलेला एक शब्द त्या दिवशी मला समजला. विराट. एवढ्या मोठ्या शहरातली ही सगळी बुद्धी, ही सगळी यंत्रं, हे सगळे अहंकार एका साध्या बाईच्या टेबलाभोवती मान खाली घालून उभे राहिले, यापेक्षा विराट ते काय असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर फुटपाथवर उभा होतो. त्या पेट्या नेणाऱ्या गाड्यांसाठी पोलिसांनी रस्ता अडवला होता. इंदूरचा रस्ता, जिथे कुणी बापासाठी ब्रेक लावत नाही, तो दोन्हीकडे शांत उभा! एक पोहेवाला झारा हातात तसाच धरून बघत होता. कुणी विचारलं, "कौन जा रहा है, भिया, कोई मंत्री?" मी म्हटलं, "मेरी घरवाली." पाटणीपुऱ्याच्या चौकात रस्ता ओलांडायला जी जन्मभर घाबरली, माझी बाही घट्ट धरून उभी राहायची, पलीकडे पोचल्यावर देवाचं नाव घ्यायची, तिच्यासाठी आज सगळा रस्ता मोकळा होता, आणि तिला माझी बाही लागली नाही. एक गाडी उजवीकडे वळली, एक डावीकडे. दोन दिशांना एकदम कधी गेली होती ती? मी मान वळवून वळवून बघत राहिलो. डोळ्यांत पाणी वगैरे लिहीत नाही. आलं होतं, बस.

कुणाच्या घरी गेली, विचारायचं नसतं. मी विचारलंही नाही. संध्याकाळी तिला अग्नी दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. न सोललेल्या शेंगांची पिशवी तिथेच होती, शेंगा जरा सुकल्या होत्या. परात मध्ये ठेवली, तिच्या जागेकडे तोंड करून बसलो आणि सोलायला लागलो. तोच वास, ओला, दुधाळ. एकही दाणा तोंडात टाकला नाही. कठड्यावरची वाटी सुलटी केली, काठोकाठ भरली. भिंतीपलीकडे कमलाभाभी कपडे वाळत घालत होत्या. सुतकातल्या घरचं त्या घेतील की नाही, हा विचार मनात आला, येऊ दिला. वाटी भिंतीवर ठेवली आणि हाक मारली, "भाभी, आपकी कटोरी. सुमनने भेजी है."