कडुनिंबाखालची बारा मिनिटं

फोन मी माझा मीच चालू केला होता, हे आधी सांगून ठेवतो. मुलगा म्हणत होता, सांवेर रोडच्या कारखान्यातून येतो, मग बघू. मी थांबलो नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचता येतं. फोन विचारत गेला आणि मी 'मान्य' दाबत गेलो. अर्ध्या तासात सुरू. दोन दिवस पोह्याच्या दुकानात सगळ्यांना दाखवत होतो.

त्याला दीड वर्ष झालं असेल. परवा दुपारी नात माझा फोन घेऊन बसली होती. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. एकदम म्हणाली, "आजोबा, तुम्ही रोज सकाळी जाता कुठे?"

"फिरायला."

"मग रोज एकाच जागी बारा मिनिटं उभे का राहता?"

तिनं पडदा माझ्यासमोर धरला. आमच्या परदेशीपुऱ्याचा नकाशा, आणि त्यावर आमच्या घरापासून निघालेली निळी रेघ. गल्ली, मिलची जुनी भिंत, पिठाची चक्की, वळण. चौकात गाय बसते म्हणून मी पलीकडून जातो, तर रेघसुद्धा पलीकडून गेलेली! शेवट कडुनिंबापाशी. नातीनं बोट फिरवलं तसा मागचा महिना आला, मग पावसाळा, मग दिवाळी. भाऊबीजेच्या सकाळचीही रेघ होती. तापात पडलो होतो ते चार दिवस तेवढे कोरे. मी आ वासून बघत राहिलो. बायको गेल्यापासून माझ्या दिवसांची इतकी खबर कोणी ठेवली नव्हती.

मग मात्र भानावर आलो. त्या झाडाखाली मी का उभा राहतो, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

झाडासमोर, रस्त्यापलीकडे, माझ्या मिलमधल्या जोडीदाराचं घर आहे. आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणलं. साच्यांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे नुसत्या ओठांनी बोलायचे. खात्याच्या त्या टोकावरून कोणी शिवी दिली तरी ओठ बघून बरोब्बर कळायची. मग हडताळ झाली. पोलिसांनी मला घरातून उचललं, दोन दिवस कोठडीत बसवलं. कुठल्या कुठल्या मीटिंगला गेलो, ते त्यांच्याकडे तारखेसकट होतं. एवढं माझ्याबद्दल जोडीदाराशिवाय कोणाला माहीत असणार? सुटून आलो तो थेट बाजारात गेलो आणि चारचौघांत त्याच्या तोंडावर ओरडून सांगितलं, या गद्दाराच्या उंबऱ्यावर मरेपर्यंत पाय ठेवणार नाही. त्याला बोलूही दिलं नाही.

शब्द पाळला. पण अलीकडे तो काठी घेऊन ओट्यावर बसायला लागला आणि मी झाडाआडून बघून यायला लागलो. बसलाय ना, एवढंच.

"या फोनला हे सांगितलं कोणी?" माझा आवाज चढला.

"तुम्हीच. सगळ्याला 'मान्य' दाबलंत ना."

"ते फोन चालू करायला. माझ्यामागे पाळत ठेवायला नाही!"

"आजोबा, सगळे असंच दाबतात. कोण वाचत बसतंय?"

"मला वाचता येतं."

"येतं हो. पण वाचलं होतं का?"

मी विषय बदलला. "पोलिसांना दिसतं हे?"

"मागितलं तर मिळत असेल. पक्का नहीं पता."

"पुसून टाक सगळं. पाय माझे, वाट माझी. पुसायला मला कोणाची परवानगी नको."

तिनं पुसलं. दीड वर्ष एका बोटानं गेलं. मी विचारलं, "तिकडचंही गेलं का? जिथं जमा होतं तिथलं?"

"गेलं असं लिहून आलंय," ती म्हणाली. "भरोसा ठेवायचा, बस."

रात्रीपर्यंत माझ्या डोक्यातून ते जाईना. न बघितलेल्या कुठल्या तरी मशिनीला ठाऊक, नातीला ठाऊक. ज्याच्यासाठी मी उभा राहतो, त्यालाच तेवढं ठाऊक नाही. हे काही मला पटेना.

सकाळी फोन फळीवर ठेवला आणि निघालो. झाडापाशी थांबलो नाही, सरळ रस्ता ओलांडला. तो ओट्यावरच होता.

"या भिया," तो म्हणाला. "आज झाडाला सुट्टी?"

"तुला दिसत होतो मी?"

"त्या बुंध्यामागे तुझं पोट मावतं होय?"

हसावं की चिडावं कळेना. उभ्यानंच विचारून टाकलं, "पोलिसांना माझं नाव तू दिलं होतंस?"

त्यानं काठी बाजूला ठेवली. "तू दिलंस. मीटिंगच्या दारात पांढऱ्या शर्टातला एक जण वही घेऊन बसायचा, आठवतो? पोलिसांचा माणूस. मी लांबून ओठांनी दोनदा सांगितलं तुला. तू बघतोस कुठे! बाकीचे मान खाली घालून आत जायचे. तू थांबायचास. 'अंगठा नाही, सही करतो' म्हणायचास. दर वेळी तारीख घालून सही, शिवाय तिच्याखाली एक रेघ."

निळ्या पुठ्ठ्याची वही. मी ती युनियनची हजेरी समजत होतो. आमच्या खात्यात सही येणारे थोडे, आणि माझ्यासारखी झोकदार तर कोणाचीच नव्हती.

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू ऐकणारा होतास?"

तेवढ्यात एक लोडिंग रिक्षा पत्रे खडखडवत आली आणि अगदी साच्यांसारखा आवाज झाला. त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला, नुसत्या ओठांनी. मला सगळं कळलं. चहा घेतोस का, विचारत होता.

साखर कमी, मी ओठांनीच सांगितलं आणि चप्पल काढून उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.