गाडी सोडायची रीत

आमच्या ट्रकच्या धंद्यात नोकरी सोडायची रीत अशी : गाडी एखाद्या पेट्रोल पंपावर उभी करायची, चावी पंपावरच्या माणसाकडे द्यायची, मोबाईल बंद करायचा आणि मिळेल ती एसटी धरायची. मालक दोन दिवस शिव्या घालतो, तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर पाठवतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उमेदीच्या काळात मीही एका मालकाला असाच टाकून आलो होतो आणि गावात येऊन हसत हसत सगळ्यांना सांगितलंही होतं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

म्हणून गेवराईच्या मालकांची गाडी सोडायची ठरली तेव्हा मी सरळ त्यांच्या घरी गेलो. एक चहा झाला. दुसरा आला.  बावीस वर्षं मी त्यांच्याकडे काढली होती, त्यातली नऊ या शेवटच्या गाडीवर. शेवटी म्हणालो, "मालक, पोरगी बाळंतपणाला घरी आलीय. पहिलंच हाय. ती जन्मली तवा मी गुवाहाटीत होतो, बारशालाबी पोचलो न्हाई. या बारीला घरी ऱ्हायचंय. आन मग घरीच ऱ्हायचंय."

मालकांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, "जा. तुला नगं म्हनायला मला तोंड न्हाई. पर नव्या माणसाला एक खेप संगं नेऊन दाव. गाडी कशी हाय ते तुझ्याबिगर कुनाला ठावं?"

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून तीन आठवडे होते. कोइमतूरची खेप जाऊन-येऊन नऊ दिवसांची. हिशेब बसत होता. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तारखा डॉक्टर देतेत. बाळं कुठं ऐकतेत त्यांचं?" पण डबा मात्र तिने बांधून दिला. निघताना एवढंच म्हणाली, "माझ्या वक्ताला तुमी नव्हता, ते मी गिळलं. तिच्या वक्ताला नसलात तर न्हाई गिळायची."

नवा ड्रायव्हर घाटनांदूरचा. पस्तिशीचा, कमी बोलणारा, तीन महिने काम नसल्याने घरी बसून असलेला. कापसाच्या गाठी भरल्या आणि आम्ही निघालो. मी आपला वाटेने शिकवत होतो : कुठल्या ढाब्यावर पाणी चांगलं, कुठे टायरवाला फसवतो, क्लच किती दाबायचा. आणि दर शंभर किलोमीटरला एक वाक्य ठरलेलं, "गाडीत काडीचा दोष न्हाई." मालकांनाही मी दर वर्षी हेच सांगत आलो होतो. तो मान हलवायचा आणि मला आणखी चेव यायचा.

सपाटीला तो चालवायचा, घाट मी माझ्याकडे ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट आला. मोठा उतार, भरलेली गाडी. मी म्हणालो, "धर आता. हा उतरलास तर कुठलाबी उतरशील."

पहिल्या वळणाआधी त्याने ब्रेक मारला आणि गाडी डाव्या कठड्याकडे गेली. त्याने ती कशीबशी ओढून आणली. दुसऱ्या वळणावर तेच. "उस्ताद, गाडी डावीकडं वढतीय," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "गाडी वढत न्हाई, तूच ढिला धरतोस. नऊ वर्षांत मला कधी वढली न्हाई ती!"

 खालच्या गिअरमध्ये, मुंगीच्या पायाने त्याने घाट उतरवला. खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. 

मी तणतणत त्याला उठवलं आणि स्टिअरिंगवर बसलो. पुढच्या उतारावर ब्रेक दाबून दाखवला. गाडी सुतात सरळ. "हे बघ!" मी म्हणालो.

तो रस्त्याकडे बघतच नव्हता. "उस्ताद," तो हळूच म्हणाला, "तुमचा उजवा हात बघा."

मी पुन्हा ब्रेक दाबला आणि खाली बघितलं. पाय ब्रेकवर पडला की माझा उजवा हात आपोआप स्टिअरिंग खाली ओढत होता. चांगलाच जोर लावून, मनगटाच्या शिरा टरारून. आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दोन-तीन वर्षं मी घरी आलो की बायको उजव्या खांद्याला तेल चोळायची. मी म्हणायचो वय झालं, ती म्हणायची वाऱ्यावर झोपता. वय नव्हतं आणि वाराही नव्हता. गाडी इतकी हळूहळू बिघडत गेली, की हात सगळं शिकला आणि डोक्याला कळवायचं राहून गेलं.

तसंच सावकाश पुढचं सेलम गाठलं. तिथल्या मेकॅनिकने उजवं पुढचं चाक उतरवलं. आतून तेल गळून ब्रेकच्या लायनरवर बसलं होतं, ते चाक ब्रेक धरतच नव्हतं. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. त्याने दोन बोटं दाखवली. सुटा भाग मागवायचा, म्हणजे दोन दिवस.

मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "नव्याचा हात कच्चा असंल. तुला वढली न्हाई तर आत्ताच कावून वढती? माल पोचवा, इकडं आल्यावर बघू."

"मालक, मलाबी वढत होती. मला कळत नव्हतं. मी दरसाल तुमाला चुकीचं सांगत आलो."   ते म्हणाले, "तू हाय ना तिथं? तू म्हनशील तसं कर."

त्याच दुपारी बायकोचा फोन आला. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या, अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखल केलं होतं. "निघा," ती म्हणाली.

नव्या ड्रायव्हरने ऐकलं. म्हणाला, "उस्ताद, तुमी रेल्वेनं जावा. उद्या सांजंला पोचताल. मी घेतो करून."

माझी पिशवी भरून झाली होती. गॅरेजच्या फाटकापर्यंत मी गेलोही. मला जायचं होतं. पण मला दिसत होतं काय होणार ते. मेकॅनिकने अर्धंमुर्धं काम करून "झालं" म्हटलं असतं तर हा "चालंल" म्हणाला असता. मालकांनी फोनवर "निघ" म्हटलं असतं तर हा निघाला असता. तीन महिने घरी बसलेला माणूस नाही म्हणत नसतो. आणि मग तो पुढच्या खेपेला पुन्हा तोच घाट उतरला असता, एकटा.

बायकोला फोन करून सगळं सांगितलं.  तिने विचारलं, "त्याच्या घरी कोन कोन हाय?"

"बायको हाय. दोन पोरी."

मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा खडखडाट ऐकू आला. "मग ऱ्हावा," ती म्हणाली. "गाडी सरळ झाली की या. हितं मी हाय." फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. "मी रागावले न्हाई असं समजू नगा," आणि पुन्हा बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात झाली. मी गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसलो होतो. बातमी ऐकली आणि मी हमसून हमसून रडलो. मेकॅनिकला काय समजलं कोण जाणे, त्याने स्वतःची कॉफी माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी गाडी तयार झाली. चाचणीला मी स्टिअरिंगवर बसण्यात अर्थच नव्हता, माझ्या हातांनी पुन्हा झाकून घेतलं असतं. मी शेजारी बसलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मोकळ्या रस्त्यावर त्याने ब्रेक मारला आणि तळवे स्टिअरिंगपासून वर उचलले. गाडी सरळ थांबली. मी म्हणालो, पुन्हा. त्याने पुन्हा मारला. पाच वेळा मारायला लावला. पाचव्या वेळी तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असेल.

चावी त्याच्याकडेच होती. मी फक्त म्हणालो, "तुझी गाडी आता. काही वाटलं तर मालकाला सांगायचं, लपवायचं न्हाई." त्याने स्टेशनवर सोडलं आणि वाकून पाया पडला.

अंबाजोगाईला पोचलो तेव्हा नात दोन दिवसांची झाली होती. बायकोचे केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.  तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या जागी बाळ ठेवलं. एवढंसं तोंड, मूठ आवळलेली. मी उभ्यानेच बघत राहिलो.

तेवढ्यात पोरीला जाग आली. अर्धवट झोपेत तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, आलात? परत कधी निघायचंय?"

लहानपणापासून मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न हाच असायचा. मी परवा म्हणायचो, कधी उद्या सकाळी. ती बोटांवर मोजायची आणि खेळायला जायची. दोन दिवसांच्या बाळाची आई झाली, तरी तोंडातून तेच आलं.

"निघायचं न्हाई," मी म्हणालो.

 ती डोळे पुसत म्हणाली, "मग बसा की बाबा. उभं कावून ऱ्हायलात?"