शिडी कोणी धरली होती?

अमेरिकेतल्या यंग्सटाऊनमध्ये त्या काळी सिनेमा सुरुवातीपासून बघायची पद्धतच नव्हती. दुपारी थिएटर उघडलं की सिनेमा, बातम्या, कार्टून, पुन्हा तोच सिनेमा असं रहाटगाडगं रात्रीपर्यंत फिरत राहायचं. लोक पोलाद कारखान्यातली पाळी संपवून, भाजी घेऊन, डॉक्टरकडून दात उपटून घेऊन, जसं जमेल तसे आत शिरत. आत गेल्यावर पडद्यावर प्रेत दिसलं तर प्रेतापासून बघायला लागत. माणूस का मेला ते पुढच्या फेरीत कळायचंच. मग कधीतरी कुणीतरी शेजारच्याला कोपरानं ढोसायचं, "आपण इथूनच बघायला लागलो होतो," की अख्खं कुटुंब लोकांचे पाय तुडवत बाहेर पडायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आर्लीन प्रॉसर याच वळणावर वाढली. वय सतरा, हनुवटीवर एक पुटकुळी आणि जगातल्या सगळ्या विषयांवर ठाम मत. वडील एमलिन प्रॉसर न्हावी. शांत माणूस, दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी आलं की लेकीचं. आर्लीन सहा वर्षांची असताना आई वारली. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहायला जायचं, तेव्हा हे दोघंही परसातली पिओनीची गुलाबी फुलं बादलीत घालून निघायचे. नुसतं ‘प्रॉसर’ एवढंच कोरलेल्या दगडापाशी आर्लीन मनसोक्त रडायची आणि वडील टोपी हातात घेऊन भलतीकडेच बघत राहायचे. दुःख पुरुषांना असंच होतं, अशी आर्लीनची समजूत.

तर अशा घरात त्या वसंतात मिसेस विल्मा हॅच आली. विधवा, मोठ्या दुकानात टोप्यांच्या विभागात कामाला, स्वतःच्या टोपीला काळी जाळी. दर रविवारी जेवायला यायची आणि पियानोवर ठेवलेल्या आर्लीनच्या आईच्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघायची. आर्लीन खोलीत शिरली की ती आणि वडील बोलायचे थांबायचे. लग्न करणार हे दोघांनीही सांगितलं होतं, पण तारीख विचारली की वडील खिडकीबाहेर हवा बघायचे.

"तारीख का ठरत नाही, सांगू?" आर्लीनची मैत्रीण मॅक्सीन म्हणाली. "तुझ्या डॅडींच्या विम्याचे कागद तिच्या नावावर व्हायचे असतील."

हे ज्ञान मॅक्सीनला सिनेमातून मिळालं होतं. महायुद्ध संपल्यापासून काळ्याकुट्ट सिनेमांचं पीक आलं होतं. भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, सगळ्यांच्या तोंडात सिगारेट, आणि मधे एखादं सतरा-अठराचं पोर. पोराचा सुरुवातीला सगळ्यांवर विश्वास आणि शेवटी कोणावरच नाही. मधल्या दीड तासाला मोठं होणं म्हणायचं.

त्या आठवड्यातला सिनेमा तर जणू आर्लीनसाठीच आला होता. दोघी नेहमीप्रमाणे उशिरा शिरल्या. पडद्यावर एक मुलगी रेल्वेच्या फलाटावर उभी, हातात तिकीट, आणि तिचा आवाज सांगतोय, "त्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांची होते..." मग मागची गोष्ट सुरू. हॉटेल चालवणारा बाप, आई नाही, आणि बापाशी लग्न करायला टपलेली एक बाई. त्या बाईच्याही टोपीला काळी जाळी! बाई बापाच्या कॉफीत साखर घालते आणि कॅमेरा चमच्यावरून हलायलाच तयार नाही. बाप दिवसेंदिवस फिका पडतोय. मग पोरीला बाईच्या पर्समध्ये विषाची बाटली सापडते, ती धावत सुटते, आणि पुन्हा तोच फलाट, तेच तिकीट.

"चल ऊठ," मॅक्सीननं ढोसलं. "आपण इथूनच आलो होतो."

दोघी उठल्या. मधे बातम्या लागल्या नाहीत, कार्टून लागलं नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. पायांना सवय होती, पाय निघाले.

"पण मग त्या बाईला पकडतात ना?" बाहेर आल्यावर आर्लीननं विचारलं.

"पकडणारच की. न पकडून कुणाला सांगतात?"

आर्लीन घरी आली ती एकच निश्चय करून: काहीही होवो, डॅडीला वाचवायचं.

रविवारी मिसेस हॅच आली. भाजलेलं मांस, बटाटे, गाजर. जेवण झाल्यावर तिनं वडिलांच्या कॉफीत साखर घातली. दोन चमचे. आर्लीननं कप उचलला आणि स्वतःच्या कपाशी बदलला.

"अगं, त्यात साखर आहे. तुला नाही ना आवडत?" मिसेस हॅच म्हणाली.

"आजपासून आवडते," आर्लीन म्हणाली. आणि मग, कप खाली ठेवत, "मिसेस हॅच, तुमचे पहिले यजमान कशानं गेले हो?"

"आर्लीन!" वडील म्हणाले.

"असू दे, एमलिन. शिडीवरून पडले. घराची पन्हाळ साफ करत होते."

"आणि शिडी कोणी धरली होती?"

सिनेमात असा प्रश्न आला की बाई भुवई उंचावते, धूर सोडते आणि काहीतरी झणझणीत बोलते. मिसेस हॅच तसलं काही बोलली नाही. तिचा चेहरा टेबलक्लॉथसारखा पांढरा झाला.

"मी," ती म्हणाली.

मग ती उठली, घडी घातलेला नॅपकिन बशीजवळ ठेवला, टोपी न घालता हातातच घेतली आणि निघून गेली. वडील पायरीपर्यंत मागे गेले आणि एकटेच परत आले. आर्लीनला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती गोड कॉफी तिला संपवता आली नाही. साखरेमुळे असेल, असं तिनं ठरवलं.

पुढचा अख्खा आठवडा मिसेस हॅच फिरकली नाही. वडिलांनी एका गिऱ्हाइकाचे कल्ले एक वर, एक खाली कापले. यंग्सटाऊनच्या न्हावीधंद्यात ही मोठीच घटना होती.

शनिवारी सिनेमाचा शेवटचा दिवस. त्या बाईला बेड्या पडताना बघितल्या की जिंकल्यासारखं वाटेल, म्हणून आर्लीन एकटीच गेली. शिरली तेव्हा पोरीला पर्समध्ये बाटली सापडत होती; मग पुन्हा तो फलाट आला. पाय सवयीनं उठायला लागले, तेवढ्यात फलाटावरच्या मुलीनं तिकिटाचे तुकडे केले आणि ती वळून घराकडे चालू लागली. आर्लीन धपकन खाली बसली. सिनेमा पुढे होता! चांगला पंधरा मिनिटं होता!

त्या पंधरा मिनिटांत बाईला बेड्या पडल्याच नाहीत. विषाची बाटली बापाची होती. बाईनं ती त्याच्या कपाटातून काढून लपवली होती. त्यानं पोरीच्या आईला मारलं होतं आणि ते त्या एकट्या बाईला कळलं होतं. पोर दारात उभी राहून बापाकडे बघते, बाप हसतो, आणि त्याच्या तोंडावर पट्ट्यापट्ट्यांची सावली.

दिवे लागले, बातम्या सुरू झाल्या, आणि आर्लीन खुर्चीच्या दांड्या धरून तशीच. डॅडी?

घरी स्वयंपाकघरात वडील बाही सरसावून पिओनींचे देठ कापत होते. दुसऱ्या दिवशी थडग्यावर जायचं होतं. हातात न्हाव्याची कात्री, खिडकीच्या पडद्याची सावली पट्ट्यापट्ट्यांनी तोंडावर. आर्लीन दारातच थबकली.

"डॅडी, आईला काय झालं होतं?"

कात्री थांबली.

"खरं सांगा. मी लहान नाही आता."

वडिलांनी कात्री खाली ठेवली, हात पुसले, खुर्ची ओढली, बसले, परत उठले. "विल्मा म्हणतच होती," ते म्हणाले. "आधी पोरीला सांग, त्याशिवाय मी तारीख ठरवणार नाही. आणि मला काही... पोरी, तुझी आई वारली नाही."

"म्हणजे?"

"तिकडे दूर टॅकोमाला असते. एका व्हॅक्युम क्लीनर विकणाऱ्या माणसाबरोबर गेली. घटस्फोटही केव्हाच झाला. तुला काय सांगू कळेना. तू आजारी पडलीस, आई कुठे, आई कुठे करायला लागलीस. माझ्या तोंडून निघून गेलं, देवाघरी गेली म्हणून. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?"

खून ऐकायची तयारी करून आलेल्या आर्लीनला हे ऐकायची तयारीच नव्हती. खून परवडला असता. खून झालेली आई निदान आपल्यावर प्रेम करत मरते.

"व्हॅक्युम क्लीनर," ती कशीबशी म्हणाली. "आपल्या कोठीतला?"

"तोच. त्याच्याकडूनच घेतला होता."

इतकी वर्षं दर शनिवारी आर्लीन त्या यंत्रानं घर झाडत होती!

"मग ते थडगं कुणाचं?"

"माझ्या ब्लॉडवेनआत्याचं."

"कोण ब्लॉडवेनआत्या?"

"तू नाही पाहिलंस तिला. तंबाखू खायची. पोरांना छडीनं बडवायची."

"मी तिच्यासाठी रडले!" आर्लीन किंचाळली. "दरवर्षी! नवीन फ्रॉक घालून!"

वडिलांचे डोळे भरून आले होते आणि ते या वेळी भलतीकडे बघत नव्हते, तिच्याकडेच बघत होते. आर्लीननं फुलांची बादली उचलली आणि दार आपटून बाहेर पडली.

बसमध्ये लोकांनी तिला शोकाकुल समजून जागा दिली. मिसेस हॅच बसथांब्यापासून दोन रस्ते पलीकडे एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत होती. तिनं दार उघडलं तेव्हा केसांना पिना होत्या आणि जाळीशिवाय ती फार साधी दिसत होती.

"मला सांगितलं त्यांनी," आर्लीन म्हणाली.

"ये, आत ये."

"मी नाही येत. मी तुम्हाला ते शिडीचं विचारलं. तसं विचारायला नको होतं."

मिसेस हॅच दाराची कडा धरून उभी राहिली. "दोन्ही हातांनी धरली होती," ती म्हणाली. "मधमाशी आली म्हणून एक हात सोडला. एवढंच. लोक म्हणाले, शिडीच जुनी होती. कुणी मला विचारलंच नाही. तू पहिली."

यावर काय बोलायचं ते आर्लीनला कुठल्याच सिनेमानं शिकवलं नव्हतं. तिनं बादली पुढे केली.

"कुणासाठी ही?"

"ब्लॉडवेनआत्यासाठी होती. तिला आता पुष्कळ झाली."

मिसेस हॅच आधी रडली की आधी हसली, हे आर्लीनला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. मात्र तिनं आर्लीनला आत ओढलं आणि कॉफी केली. बिनसाखरेची.

वडिलांशी आर्लीन पुढे बरेच दिवस मीठ द्या, पाव द्या एवढंच बोलत होती. व्हॅक्युम क्लीनर तिनं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकला आणि घर झाडूनं झाडायला लागली. टॅकोमाबद्दल तिनं काही विचारलं नाही. विचारायचं होतं, पण सुरुवातीपासून सगळं ऐकायला बसावं लागेल हे तिला कळत होतं, आणि तेवढा दम अजून आला नव्हता.

लग्न सप्टेंबरात ठरलं. आदल्या दिवशी परसात पाहुणे बसायचे म्हणून वडील पन्हाळीतली पानं काढायला शिडीवर चढले. मिसेस हॅच आतून सजावटीच्या कागदी घंटा घेऊन बाहेर आली आणि शिडी बघून जागच्या जागी थांबली. घंटा तिच्या हातातून गवतावर पडल्या.

आर्लीन कुंपणापाशी मॅक्सीनशी बोलत होती. मॅक्सीनचं वाक्य अर्धं टाकून ती धावत आली आणि शिडीचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"तुम्ही आत जा, मिसेस हॅच. मी धरते."

"अगं, मी काय लहान पोर आहे?" वडील वरून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. पानं काढा." बऱ्याच दिवसांत वडिलांशी बोललेलं ते तिचं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

पिओनी केव्हाच संपल्या होत्या, पण परसात मधमाश्या होत्याच. एक आली, आर्लीनच्या कानाभोवती फिरली आणि हनुवटीवर, पुटकुळीच्या शेजारीच बसली. आर्लीननं डोळे घट्ट मिटले.

हात सोडले नाहीत.