बाद केलेल्या कादंबऱ्या

नील आणि तारा,

मागच्या आठवड्यात आपल्या वसईच्या वाचनालयातून फोन आला. स्मरणिका काढतायत. 'बाई, तुम्ही इतकी वर्षं ग्रंथपाल होता, दोन गोड आठवणी लिहून द्या.' सोबत नमुन्याची पानं पाठवली. पहिल्याच पानावर भाऊसाहेबांचा फोटो आणि खाली 'वाचनसंस्कृतीचे आधारस्तंभ'. ते वाचून माझा चहा गार झाला. गोड आठवण माझ्याकडे नाही, आणि जी आहे ती ते छापणार नाहीत. म्हणून तुम्हा नातवंडांना लिहिते. कठीण शब्द आला तर आईला विचारा.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. भाऊसाहेब वाचनालयाचे अध्यक्ष होते. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले, ते दोन बोटांत एक पुस्तक धरून. मेलेली पाल उचलतात तसं.

"बाई, हे काय आहे?"

"कादंबरी."

"कादंबरी नाही, लक्तरं आहेत ही! गेल्या वर्षी कोरी घेतली होती ना? तुमचं लक्ष असतं कुठे?"

"ती गावभर फिरून आली आहे, भाऊसाहेब. आजही तिच्यासाठी माणसं थांबली आहेत."

त्या कादंबऱ्या मी स्वतः दादरला जाऊन निवडून आणायचे. समितीला फक्त चरित्रं आणि थोरांचे विचार हवे असत. पण वाचकांना काय हवं असतं ते काउंटरवर बसणाऱ्याला कळतं. म्हणून मी सगळ्या चवीचं आणायचे. बंद लॉजमधल्या खुनाची एक होती. मंगळावर भाजी पिकवणाऱ्या बाईची एक. ओसाड बंगल्यातल्या भुताची, गलबतावरच्या बंडाची, आणि ऑफिसात जुळलेल्या प्रेमाच्या तर कितीतरी. नवी आली की शनिवारी दाराबाहेर सायकली आणि स्कूटर लागायच्या.

त्या वर्षी वाचनालयाला वरचा वर्ग मिळवायचा होता. सरकार वाचनालयांना अ, ब, क असे वर्ग देतं, परीक्षेत मुलांना श्रेणी देतात तसे; वर्ग वरचा तितकं अनुदान जास्त. त्यासाठी तपासनीस येऊन बघून जातात. भाऊसाहेबांनी ठरवलं की कपाटं सुबक दिसली पाहिजेत. त्यांच्या ओळखीच्या एका बिल्डरने जाडजूड ग्रंथांचे संच भेट दिले होते. सोनेरी अक्षरं, लाल पुठ्ठे. उघडलं की कर्रकन आवाज यायचा, कारण आधी कुणी उघडलेलंच नसायचं.

"याला म्हणतात पुस्तक," भाऊसाहेब त्यांवरून हात फिरवत म्हणाले. "एक डाग दाखवा."

"डाग पडायला कुणीतरी न्यावं लागतं."

"तुम्ही इंग्लिश शिकलेल्या बायका. तुम्हाला त्या खून-मारामाऱ्यांचं कौतुक. वाचनालय टाइमपाससाठी नसतं."

पुढच्या बैठकीत ठराव झाला. ज्या पुस्तकाची पाठ मोडली, पानं सुटली किंवा कव्हर फाटलं, ते बाद. बाद करायचं म्हणजे पहिलं पान फाडायचं, लाल शिक्का मारायचा आणि रद्दीत द्यायचं. नियम दिसायला सरळ होता. पण नीट विचार करा. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. लोकांनी जे मागून मागून नेलं ते सगळं बाहेर, आणि ज्याला कुणी शिवलं नाही ते सगळं आत. मी बाइंडिंग करून घेऊ म्हटलं. "तपासनीस आठवड्यात येतायत, बाई, तुमच्या बाइंडरच्या नादी कोण लागणार?" समितीत कुणी तोंड उघडलं नाही. त्यांतले दोघं माझ्याकडून भुताच्या कादंबऱ्या पेपरात गुंडाळून न्यायचे. तेसुद्धा गप्प बसले. मला राग भाऊसाहेबांपेक्षा त्या दोघांचा जास्त आला.

घरी येऊन मी शांतपणे विचार केला. शिक्का मारायला पुस्तक हातात लागतं. वाचकाच्या घरी असलेलं पुस्तक बाद करता येत नाही.

शनिवारी मी काउंटरवर बसले आणि सगळ्यात फाटक्या कादंबऱ्या समोर रचल्या. पहिली आली ती नंदाखालची फ्लोरी. केळीची वाडी सांभाळून, दर शनिवारी स्कूटरवर येणारी, खुनाच्या कादंबऱ्यांचं पक्कं गिऱ्हाईक.

"फ्लोरी, आज पाच ने."

"पाच? एक दिली तरी दहा वेळा बजावता, पान दुमडू नको म्हणून. आज काय सण आहे?"

"सण नाही. सुतक आहे." मी तिला सगळं सांगितलं.

तिने पदर खोचला. "मग पाच कशाला? पिशवी आहे माझ्याकडे. परत कधी आणू?"

"मी सांगेन तेव्हा."

तिच्या मागे तांडेलकाका होते, कोळीवाड्यातले. त्यांना फक्त भुतं लागायची.

"बाई, मोतीबिंदू झालाय मला. एवढी कधी वाचू?"

"वाचू नका. घरात ठेवा फक्त."

"पुस्तकं आनायची नि वाचायची नाय? म्हंजे लगनाच्या घरात जाऊन उपाशी बसायचं!" असं म्हणत त्यांनी दोन्ही काखांत गठ्ठे मारले.

संध्याकाळपर्यंत कपाट मोकळं झालं. निर्मळला गेली, सांडोरला गेली, स्टेशनजवळच्या बिल्डिंगांमध्ये गेली.

सोमवारी भाऊसाहेब शिक्का घेऊनच आले.

"पुस्तकं कुठायत?"

"वाचकांकडे."

"सगळी?"

"वाचनालय आहे, भाऊसाहेब. कधीकधी असं होतं."

त्यांचा चेहरा बिल्डरच्या पुठ्ठ्यांच्या रंगाचा झाला. दुपारी फळ्यावर नोटीस लागली. पुस्तकं ताबडतोब परत करा, नाहीतर सभासदत्व रद्द आणि अनामत जप्त. नोकरदार माणसं घाबरली. मान खाली घालून आली, पुस्तकं ठेवून गेली. माझ्या डोळ्यांसमोर भाऊसाहेबांनी त्यांची पहिली पानं फाडली. मंगळावरच्या बाईचं फाडताना टर्रकन आवाज झाला तो मला आजही ऐकू येतो. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त सही करा." मी सही केली नाही. ठराव त्यांचा होता, सहीही त्यांनीच करावी.

फ्लोरी आली ती रिकाम्या हाताने.

"पुस्तकं कुठायत?" भाऊसाहेब गरजले.

"घरी. सासूबाई वाचतायत. खुनी अजून सापडला नाही."

"सभासदत्व जाईल!"

"जाऊ दे. या लाल पुठ्ठ्यांपुढे अगरबत्ती लावायला मी येणार आहे का?"

तपासनीस आले. सोनेरी अक्षरांवर नजर टाकली, बटाटेवडे खाल्ले आणि गेले. वरचा वर्ग मिळाला. भाऊसाहेबांचा सत्कार झाला. मला समितीने 'विश्रांती घ्या' असं सुचवलं. विश्रांती म्हणजे राजीनामा. मी तो दिला, कारण रिकाम्या काउंटरवर बसून माशा मारायला मी ग्रंथपालाचा कोर्स केला नव्हता. शनिवारच्या सायकली पुढच्या काही महिन्यांतच बंद झाल्या. आता म्हणे तिथे वाढदिवसासाठी हॉल भाड्याने मिळतो.

आयुष्यभर पुस्तकांत बसून मला एवढंच कळलं. कपाटातलं पुस्तक फार सुबक दिसलं तर त्याची चौकशी करावी. बहुतेक वेळा त्याची कुणाला गरज नसते. माणसांचंही थोडंफार तसंच असतं, पण ते मी स्मरणिकेत लिहिणार नाही.

पुस्तकं परत आणा, असं मी कुणालाच सांगितलं नाही. तांडेलकाका गेले. त्यांचा गठ्ठा त्यांच्या मुलाने फ्लोरीकडे पोचवला. आज नंदाखालला तिच्या ओटीवरच्या कपाटात खुनाच्या, भुताच्या, गलबताच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या आहेत. पाठी मोडलेल्या आहेत, कव्हरं चिकटपट्टीवर उभी आहेत. शेजारच्या बायका येऊन नेतात, आणून ठेवतात. पहिली पानं सगळी शाबूत आहेत.