सुमनचे हात आणि माशांवरचे फोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हांला सांगतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. इंदापूरला मी जनावरांचा डॉक्टर होतो. तरणा, बिनलग्नाचा, आणि कामात पक्का — हे आजही छाती ठोकून सांगेन. काटेवाडीचे एक बागाईतदार, तात्या, यांनी हौसेनं पुण्याहून काचेची पेटी आणि सोनेरी मासे आणले होते. त्यांची मुलगी सुमन ते सांभाळायची. तिच्या हातांवर कोड होतं. मला जावई करून घ्यावं असं तात्यांच्या मनात होतं, आणि मी — मी नाही म्हणत नव्हतो. सुमन मला आवडायची. कोडाची मात्र भीती वाटायची. डॉक्टर असून? हो, डॉक्टर असून.

त्या थंडीत माशांच्या अंगावर पांढरे फोड आले, मेणाचे थेंब सांडावेत तसे. तात्यांनी मला बोलावलं. मी बघताक्षणी ओळखलं. बुरशी असती तर कापसासारखे धागे दिसले असते. हे फोड गुळगुळीत होते. विषाणूचा रोग. त्याला औषध नाही, पण सहसा मासा मरतही नाही. आजारी मासे वेगळे काढा, पाणी स्वच्छ ठेवा, फोड खरवडू नका; ऊन तापलं की आपोआप जातील — सगळं नीट सांगितलं.

तेवढ्यात तात्यांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी विचारलं, "डाक्टर, पोरीच्या हातानं तर झालं न्हाय न्हवं हे? रोज पाण्यात हात घालती."

कोड कुणाचं कुणाला लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माणसाचं माशाला तर नाहीच. एक "नाही" पुरे होतं. सुमन दारात उभी होती, माझ्याकडे बघत. आणि मी — काय म्हणालो?

"सध्या तिनं हात न घातलेला बरा."

तिनं हात पदराखाली घेतले. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही. मला नकार द्यावा लागला नाही — तेच तर हवं होतं मला.

उन्हाळ्यात फोड गेले. मासे जगले. बारामतीच्या बाजारात तात्या माझं कौतुक करत फिरले. पुढे एकदा त्यांच्याकडे गेलो, तर सुमन मागच्या अंगणात एकटीच जेवत होती. तिचं ताट निराळं, तांब्या निराळा. पाण्याच्या हंड्याला शिवायचीही तिला बंदी होती. माझ्या एका वाक्यानं.

तेव्हाही बोलता आलं असतं. आत्याबाईंनी दिलेला चहा प्यायलो, छान झालाय म्हणालो, आणि सायकल काढली.