पंपाच्या पाण्याचे दात

"दात बघितले की माणूस कुठल्या पाण्याचा ते कळतं."

डॉक्टरकाका हे बोलले तेव्हा माझं तोंड उघडं होतं. मी उघडलं नव्हतं, त्यांनी उघडून ठेवलं होतं. दातांचे फोटो काढायचे म्हणून ओठ मागे ओढून धरणारी एक प्लॅस्टिकची चौकट त्यांनी माझ्या तोंडात अडकवली होती. ओठ ताणलेले, हिरड्या उघड्या. अशा तोंडातून शब्द निघत नाही. लाळ निघते.

समोरच्या पडद्यावर माझे पुढचे चार दात. एकेक दात तळहाताएवढा. तपकिरी पट्टे, खडूसारखे पांढरे डाग, मध्ये मध्ये खड्डे. जे मी जन्मभर हाताआड ठेवलं ते तिथे भिंतीवर लावलं होतं.

शेजारच्या खुर्चीत शैलाकाकू होत्या. आमच्या मंडळाच्या जेवणावळी त्याच बघतात. त्याही डिसेंबरची सफाई करून घ्यायला आलेल्या. दोन खुर्च्यांच्या मध्ये छातीएवढीच भिंत, त्यामुळे त्यांना पडदा नीट दिसत होता.

"हा फ्लोरोसिस, पाण्यातल्या फ्लोराइडचा, बरं का," काका त्यांना सांगू लागले. "आमच्या मामांचं गाव हिच्याच साइडला, यवतमाळकडे. पण आमच्याकडे कुणालाच नव्हतं हे. वरच्या आळीला विहीर होती ना, गोड पाणी. हे खालच्या वस्तीतल्या पंपाचं. क्लासिक!"

"खालच्या म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे खालच्या," काका म्हणाले आणि हसले.

"अच्छा," काकू म्हणाल्या.

एवढंच. शिवी नाही, दरडावणं नाही. काकांचा आवाज लाडाचाच होता, नेहमीसारखा. माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुठेही खपणारं. अमेरिकेतल्या या डब्लिनला आल्यापासून मंडळातल्या कुणीकुणी आडून आडून विचारलं होतं. गाव कुठलं, तुमच्याकडे कुळाचार काय असतो. मी नागपूरला इंजिनीअरिंग केलं, म्हणून नागपूर सांगायची आणि विषय बदलायची. त्या दिवशी कुणी काही विचारलंच नाही. माझ्या दातांनी परस्पर सांगून टाकलं.

मी तिथे गेले कशी, तेही सांगते.

दर डिसेंबरला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. डेंटल इन्शुरन्सचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं, उरलेले पैसे पुढच्या वर्षात जात नाहीत, वापरा नाहीतर गेले. मग सगळे आपापल्या कवळ्या, दाढा, पोरांचे दात घेऊन डॉक्टरकाकांकडे धावतात. काका मंडळातले ज्येष्ठ. फार वर्षांपूर्वी इकडे आलेले. मराठीत बोलतात आणि इन्शुरन्सचा शेवटचा डॉलर कसा वसूल करायचा ते बरोबर सांगतात. त्यांची युक्ती सगळ्यांना पाठ आहे. मोठं काम असेल तर अर्धं डिसेंबरात करायचं, अर्धं जानेवारीत. एका कामाला दोन वर्षांचे बेनिफिट्स.

आधीची दोन्ही वर्षं मी माझे बेनिफिट्स असेच जाऊ दिले होते. कारण तोंड उघडायचं नव्हतं. यंदा मात्र ठरवलं होतं. खालची उजवी दाढ उन्हाळ्यापासून ठणकत होती, मी डाव्या बाजूने जेवत होते. तरीसुद्धा मी काकांना दाढ नाही, पुढचे दात करा म्हणाले. ठणका सहन होतो. डाग दिसतात. नुसतं छान दिसायला केलं तर इन्शुरन्स पैसे देत नाही, पण माझ्या दातांचं कवच झिजलेलं, म्हणून देईल असं काका म्हणाले. दोन दात डिसेंबरात झाकायचे, दोन जानेवारीत. दाढ पुढच्या वर्षअखेरीला बघू. दुखणं सोडून दिसणं निवडणारी मीच होते. ती अक्कल मला कुणी शिकवली तेही ऐका.

पाचवीत होते. गुरुजी रांगेत उभं करून नखं आणि दात तपासायचे. माझ्यापाशी आले, म्हणाले, "ह्यांच्या तोंडातच घाण." माझ्या नाही, ह्यांच्या. मी एकटी उभी होते आणि ते सगळ्या वस्तीशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी विटेची भुकटी घेतली आणि दात घासत बसले. हिरड्यांतून रक्त आलं तरी थांबले नाही. आई सरपण घेऊन आली, तिने ते बघितलं. आधी पाठीत धपाटा घातला आणि मग पदराने माझं तोंड पुसत रडायला लागली.

"पाणीच तसं हाय माय. त्यात तुह्या दाताचा काय दोस?"

पाणी तसंच होतं. वरच्या आळीला विहीर. आम्ही बौद्ध, पण गाव आम्हाला जुन्याच नावाने ओळखायचं. विहिरीवर आमच्या आया लांब उभ्या राहायच्या, कुणी ओतलं तर घागर भरायची. मग सरकारने वस्तीत हातपंप बसवून दिला. केवढा आनंद झाला होता म्हणतात. नारळ फोडला. त्या दिवसापासून वरच्यांना बोलायला तोंड मिळालं. आता तुमचं तुम्हाला पाणी आहे, इकडे कशाला येता? कुणी अडवलं नाही, कायदा मोडला नाही, काम झालं. पंपाचं पाणी थंडगार होतं, नितळ होतं. आम्ही ते पोटभर प्यायलो. वस्तीतल्या पोरांचे दुधाचे दात पांढरे आणि नंतरचे तपकिरी. आम्हाला वाटायचं, मोठं झालं की माणसाचे दात असेच होतात. पाणी दातांवर थांबलं नाही, हाडांत उतरलं. बाबांची मान आता वळत नाही, हाक मारली की ते अख्खे वळतात. आईला मांडी घालून बसता येत नाही.

त्या भागात गावोगाव हेच होतं, आणि मामांच्या गावामुळे काकांना हे सगळं माहीत होतं. मला राग त्याचा आहे. अडाणी गुरुजीला घाण दिसली, शिकलेल्या काकांना फ्लोरोसिस दिसला. विहीर कुठे होती, पंप कुठे होता, कोण कुठलं पाणी प्यायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि ते माझ्या तोंडात बोटं घालून हसले.

चौकट काढल्यावर मी काय म्हणाले असेन? "थँक्यू काका." जिभेला वळणच तसं.

चार दिवसांनी शैलाकाकूंचा फोन आला. मंडळाचं वर्षअखेरचं जेवण होतं आणि माझ्याकडे गोळाभात होता. गेल्या वर्षी मी केला होता, लोकांनी पातेलं निपटून खाल्लं. काकूंनी तेव्हा दोनदा वाढून घेतला होता.

"अगं, गोळाभात राहू दे यंदा," काकू म्हणाल्या. "फार होतंय जेवण. तू असं कर, पेपर प्लेट्स आण. आणि बर्फ."

"बरं काकू," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मनाला समजावत बसले. खरंच जेवण फार होत असेल. थंडी आहे, भात गार होतो. माणूस अपमान झाला हे कबूल करायला किती वेळ लावतो! दुसऱ्याने मारलेल्या थपडेची आपणच कारणं शोधून देतो.

जेवणाला गेले. प्लेट्स नेल्या, बर्फ नेला. टेबलावर गोळाभात होता. दुसऱ्या कुणीतरी केलेला. गोळे दगडासारखे आणि फोडणीचा पत्ता नाही. लोक छान छान म्हणत खात होते, माझ्या प्लेट्समध्ये. कागदाला विटाळ होत नाही. जेवून झालं की फेकून देता येतो.

एक बाई माझ्याशी बोलता बोलता माझ्या दातांकडे बघत होत्या. मी हात तोंडावर नेला. नेताना मला तो हात दिसला. इतकी वर्षं तो आपोआप वर जायचा आणि मला पत्ताही नसायचा. त्या दिवशी तो मला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला. वरच्या आळीने माझ्या तोंडावर ठेवलेला. मी तो खाली घेतला. खाली घेतल्यावर त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून कोटाच्या खिशात घातला.

नाताळनंतरच्या आठवड्यात काकांकडची दुसरी अपॉइंटमेंट होती. पुढचे दोन दात घासून बारीक करायचे आणि त्यांवर कवच बसवायचं. एकदा घासले की ते दात परत येत नाहीत. मी खुर्चीत आडवी झाले. गळ्यात कागदी रुमाल, डोक्यावर दिवा. काकांची असिस्टंट नळी घेऊन तयार. गोरी मुलगी, तिला मराठी येत नाही.

"आता बघ," काका म्हणाले. "असं झाकून टाकू की कुणाला कळणारसुद्धा नाही."

या वेळी तोंडात चौकट नव्हती.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमच्या मामांच्या विहिरीवर आमच्या आयांना पाणी भरू द्यायचे?"

त्यांचा हात थांबला. "अगं, किती जुन्या गोष्टी या! आणि इथे अमेरिकेत कोण बघतं हे सगळं?"

"तुम्ही बघितलंत. माझं तोंड उघडून बघितलंत."

"मी आपलं सहज बोललो गं. यू आर टेकिंग इट पर्सनली."

"तोंड माझं होतं, काका."

ती गोरी मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. पलीकडच्या खुर्चीतलं यंत्र बंद झालं. तिथे कोण होतं मला दिसलं नाही, पण मराठी होतं हे नक्की. असं चोरून कान देणं मी ओळखते.

"हे बघ," काका आता डॉक्टरांच्या आवाजात बोलू लागले. "आज नाही केलंस तर तुझे या वर्षीचे बेनिफिट्स गेले. वाया जाईल सगळं. नीट विचार कर."

"दाढ दुखते माझी. पुढचे दात दुखत नाहीत."

"दाढ कोण बघतं?"

हे वाक्य ऐकलं आणि मला आई आठवली. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे अन् खायचे वेगळे, ती कुणाकुणाबद्दल म्हणायची. मी तर स्वतःचे खायचे दात कुजवून दाखवायचे दात मढवायला निघाले होते. कुणाला दाखवायला? ज्यांनी पाणी दिलं नाही त्यांना. म्हणजे त्यांना माझ्या शेजारी बसून जेवताना त्यांचीच करणी दिसू नये, म्हणून मी माझे दात घासून बारीक करायचे, त्यावर माझे बेनिफिट्स घालायचे आणि वर थँक्यू म्हणायचं.

मी रुमाल काढला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उठले.   बाहेर बर्फ पडत होता. गाडीत बसून इन्शुरन्सच्या यादीतल्या डेंटिस्टांना एकामागून एक फोन लावले. वर्षाचा शेवटचा आठवडा, कुणाकडे जागा नाही. दाढेचा ठणका कानापर्यंत आलेला. एकदा वाटलं, गप आत जावं आणि सॉरी म्हणावं. नाही गेले. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंकडे कुणीतरी अपॉइंटमेंट कॅन्सल केली होती, ती मिळाली.

त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, दुखतं का. हो म्हणाले. त्यांनी दाढेचं रूट कॅनाल केलं आणि वरचं कवच जानेवारीत बसवू म्हणाल्या, म्हणजे ते नव्या वर्षाच्या बेनिफिट्समधून होईल. युक्ती काकांचीच. मी ती माझ्या दाढेला वापरली. उरलेले थोडे बेनिफिट्स एकतीस तारखेला गेले. त्याचं मला काही वाटलं नाही.

जाताना बाईंनी पुढच्या दातांबद्दल विचारलं. यांचं काही करायचं आहे का? मी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, हे पाण्यामुळे ना? मी हो म्हणाले.

"सगळ्या गावाला आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "अर्ध्या गावाला."

 मग त्यांनी विचारलं, असं कसं? आणि मी सांगितलं. विहीर, पंप, घागर, बाबांची मान, सगळं. अर्धं तोंड बधिर होतं, शब्द वाकडे येत होते, तरी सांगितलं. या देशात हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं आणि सांगताना तोंडावर हात नेला नाही.

दाढेवर आता पक्कं कवच बसलं आहे. दोन्ही बाजूंनी जेवते. पुढचे दात आहेत तसे आहेत, आणि तसेच राहतील. ते आमच्या गावचा नकाशा आहेत. ज्याने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्याला तो दिसला पाहिजे.

पुढच्या शनिवारी मंडळाची संक्रांत आहे. शैलाकाकूंनी ग्रुपवर विचारलं, कोण काय आणणार? मी लिहिलं, "मी गोळाभात आणते. प्लेट्स दुसऱ्या कुणीतरी आणा." अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. अंगठासुद्धा नाही.

मी जाणार आहे. डॉक्टरकाकाही असतील. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतील, ते मला जमणार नाही. भात मी घरी करीन, हाताने गोळे वळीन, वरून लसणीची कडकडीत फोडणी घालीन. पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवीन. विचारलं तर गाव सांगीन, वस्ती सांगीन, पंप सांगीन. कुणी खाल्लं नाही तर पातेलं कोपऱ्यात सरकवणार नाही. लवकर उचलून गाडीत नेऊन ठेवणार नाही. शेवटचा माणूस जाईपर्यंत ते तिथेच राहील, आणि मी त्यावर झाकण ठेवणार नाही.